पॅसेजमधली खुर्ची

ड्रॉवर आवरताना अर्धवट जळलेली मेणबत्ती सापडली. नाकाशी धरली आणि हडपसरच्या याच अकराव्या मजल्यावरची ती संध्याकाळ परत आली. गारपिटीनं तारा तुटून दोन दिवस वीज नव्हती. लिफ्ट बंद, आईचे गुडघे गेलेले. तिला आम्ही शनिवार पेठेतून इथं आणलं होतं. तिकडे दिवे गेले की सगळे गप्पांना बाहेर येत. त्या सवयीनं तिनं पॅसेजमध्ये खुर्ची टाकली आणि मेणबत्ती धरून वाट बघत बसली. एकही दार उघडलं नाही.

“आत चल. अडकलोय आपण,” मी वैतागून म्हणालो.

“तू आज अडकलास होय?” आई म्हणाली.

आता जनरेटर आहे, लिफ्ट कायम चालू असते. तरी दिवेलागणीला मी तीच खुर्ची पॅसेजमध्ये टाकतो आणि समोरचं दार किलकिलं होतंय का, बघत राहतो.