घाट आज नको

माझा धाकटा भाऊ साईनाथ लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसला आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली लिफ्ट बंद पडली की लोक त्याच्या नावानं बोंबलतात, आणि हा शाफ्टमध्ये टॉर्च मारून शांतपणे बघत बसतो. समोरचा कितीही तापला तरी याचा आवाज चढायचा नाही. मी त्याची थोरली बहीण, शुभदा. माझा आवाज आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या गेटपर्यंत जातो असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

अशा माणसाला वेड कसलं लागावं, तर समुद्राच्या तळाशी जाऊन फोटो काढायचं. ऑफिसच्या पिकनिकला मालवणला गेलेला. तिथे कुणीतरी पाठीवर सिलिंडर बांधून पाण्यात सोडलं, आणि परत आला तो दुसराच माणूस होऊन. मग रीतसर कोर्स केला, जुना कॅमेरा घेतला, त्या कॅमेऱ्याला पाण्यात घालायची पेटी घेतली. तिला हाउसिंग म्हणतात. झाकणाच्या खाचेत रबराची बारीक रिंग असते. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी खाली गेल्यावर पाणी आत शिरतं आणि कॅमेऱ्याचे बारा वाजतात. त्यामुळे ट्रिप जवळ आली की डोंबिवलीच्या त्याच्या घरात डायनिंग टेबलावर धुतलेली चादर अंथरायची, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि जवळ कुणी फिरकायचं नाही. त्याची बायको अक्षदा म्हणते, "नैवेद्याच्या स्वयंपाकाला एवढं सोवळं आम्ही कधी पाळलं नाही." परत आला की तीच पेटी मीठ निघावं म्हणून टबात गोड्या पाण्यात भिजत पडणार, आणि आंघोळीला बाकीच्यांनी बादली वापरायची. अंदमानला जाताना विमानतळावर त्याची बॅग हटकून उघडायला लावतात. हा लाइटच्या दांड्या, बॅटऱ्या, वायरी सगळं काढून दाखवतो, पुन्हा भरतो, वर थँक्यू म्हणतो. मी असते तर तिथेच भांडले असते.

आमचे वडील, आप्पा, त्याच्याकडेच राहतात. मानपाड्याला केमिकल कंपनीत फोरमन होते. तिथला रुबाब रिटायर झाल्यावर घरी घेऊन आले. आप्पा बोलले की विषय संपला. त्यांच्यासमोर साई पाय पसरून बसत नाही, मोठ्यानं हसतसुद्धा नाही. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा असते. मागच्या दसऱ्याला आप्पांनी विळी, पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर मांडले आणि त्यांच्या शेजारी उघडी पडलेली कॅमेऱ्याची पेटी. तिच्यात हळद, कुंकू, अक्षता, सगळं मनापासून वाहिलं. साईचा चेहरा बघवत नव्हता. पण नमस्कार केला, आप्पांच्या पाया पडला, आणि मग कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेऊन खाचेतलं कुंकू टिपत बसला. मी म्हटलं, अरे, सांग ना त्यांना. तर म्हणतो, "जाऊ दे गं ताई, प्रेमानंच केलंय."

प्रेमानंच केलंय. या वाक्याची मला आता चीड येते.

जानेवारीत आप्पांच्या डोक्यात आलं की जोतिबाला जायचं. आमचं मूळ गाव पन्हाळ्याकडचं, कुलदैवत जोतिबा. साई म्हणाला, मालवणमार्गे जाऊ, मी शुक्रवारी डायव्हिंग करतो, शनिवारी आराम, रविवारी पहाटे निघून दुपारपर्यंत दर्शन. आप्पांनी मान डोलावली. मानपाड्याच्या नाथाची गाडी ठरवली. नाथा आमचा नेहमीचा ड्रायव्हर, कमी बोलणारा. मी, आप्पा, साई, अक्षदा, असे निघालो.

शनिवारचा आराम कशासाठी, ते मला माहीत होतं. साईनंच मागे कधीतरी समजावलेलं. खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात माणूस उंचावर गेला तर रक्तात बुडबुडे धरतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण उडवल्यासारखे. सांध्यात अडकले तर दुखतं, पाठीच्या कण्यात अडकले तर माणूस लुळा पडतो. म्हणून डायव्हिंगनंतर दिवसभर विमान नाही आणि घाटही नाही.

शुक्रवारी समुद्र खवळलेला, बोटच निघाली नाही. डायव्हिंग शनिवारवर गेलं. साईनं रविवारी पहाटेऐवजी संध्याकाळी निघू म्हणून आप्पांना विचारलं. ते पेपर वाचत होते, हूं म्हणाले. शनिवारी सकाळी तो दोनदा खाली उतरला, दोन्ही वेळा खोल. दुसऱ्या खेपेला त्याला खडकाच्या कपारीत बोटाच्या पेराएवढी जांभळी गोगलगाय सापडली. अंगावर पिवळे ठिपके. तिचा फोटो मिळेस्तोवर हा तळाला चिकटून राहिला. परत आला तेव्हा ओठ निळे, पण चेहरा असा उजळलेला की मला आमची आई आठवली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यानं आप्पांना ती गोगलगाय दाखवली. आप्पा म्हणाले, "बरी आहे." साईला तेवढंही पुष्कळ झालं.

जेवणं होत होती तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. गावाकडच्या चुलतभावानं रविवारी पहाटेच्या अभिषेकाचं जमवलं होतं. आप्पा ताटावरून उठले आणि म्हणाले, "चला, आवरा. आता निघालो तर मुक्कामाला कोल्हापूर."

साईचा घास हातात राहिला. तो म्हणाला, "आप्पा, आज घाट नको. उद्या निघू."

"का?"

"डायव्हिंग झालंय. लगेच वर जायचं नसतं. विमानातसुद्धा बसू देत नाहीत."

"मी काय विमान सांगितलंय? गाडीनं जायचंय."

"गाडीनं गेलं तरी घाट उंचच असतो, आप्पा."

"देवाला निघताना नाट लावू नकोस," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी मागोमाग गेले आणि बोलले, चांगलं खणखणीत बोलले, की याच्या जिवाशी खेळ आहे हा. आप्पा म्हणाले, "तू तुझं घोडबंदरचं घर सांभाळ." मी पुन्हा तोंड उघडलं, तर मागून साई. "ताई, राहू दे. पाणी भरपूर पितो मी. होईल नीट." अक्षदा म्हणाली, आम्ही दोघं मागे राहतो, तुम्ही पुढे व्हा. तर अभिषेकाला मुलगा-सून जोडीनं बसायला पाहिजेत, हे आप्पांचं ठरलेलं. साईनं बॅग उचलली. डाव्या हातानं उचलली, कारण उजवा कोपर तो मघापासून चोळत होता. मला ते दिसलं.

सावंतवाडी सोडली तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत आप्पा पुढे, मांडीवर नारळाची पिशवी. आंबोलीचा घाट लागला आणि नाथानं गिअर टाकला तसा साई कोपर धरून पुढे वाकला. अक्षदानं विचारलं, दुखतंय का. म्हणाला, थोडं. आणखी काही वळणं गेल्यावर म्हणाला, "पायाला मुंग्या येतायत."

"अवघडून बसल्यावर येणारच," आप्पा पुढे बघतच बोलले.

मी साईच्या गुडघ्यावर चिमटा काढला. जोरात काढला, नखं रुतेपर्यंत. तो माझ्याकडे बघतच राहिला. नंतर अगदी हळू म्हणाला, "ताई, तू आता चिमटा काढलास का?"

मी ओरडून गाडी थांबवली. साईनं दार उघडून पाय खाली टाकले, उभा राहायला गेला, आणि गुडघ्यातून दुमडून रस्त्यावर बसला. अक्षदा त्याला काखेत धरून उचलत होती आणि तो उठत नव्हता. खालून एक ट्रक वर येत होता, त्याचा नुसता आवाज येत होता. मालवणच्या बोटवाल्याला मी फोन लावला. तो म्हणाला, आधी घाट उतरा, वाटेत दिसेल त्या दवाखान्यात ऑक्सिजन लावा आणि थेट गोव्याला न्या, अशा पेशंटला आत ठेवून हवेच्या दाबानं बुडबुडे विरवायची टाकी तिथे आहे.

आप्पा काचेतून म्हणाले, "चक्कर आली असेल. थोड्याच वेळात वर पोचतोय, तिथे चहा घेऊ."

नाथानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साईला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि गाडी उलटी वळवली. आमच्यात तेवढा एकच माणूस परका होता, म्हणून वाचलो. सबंध घाट उतरेपर्यंत आप्पा नारळाची पिशवी घट्ट धरून बसले होते.

गोव्याला साईला त्या लोखंडी टाकीत घातलं. पुन्हा घातलं, पुन्हा पुन्हा घातलं. हात सुधारला. डावा पाय हलायला लागला. उजव्या पायात जाणीव येईना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आधी कोपरच दुखत होता, तो सुधारला असता. घाट चढल्यानं कण्याला लागलं. उजव्या पायाचं आता सांगता येत नाही.

हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम सांगितलं. मला राग होता आणि आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वॉर्डात आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि साईला म्हणाले, "मला नीट का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, आप्पा."

"अरे, मग जोरात सांगायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी."

"तुमच्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही," साई म्हणाला आणि त्यानं तोंड खिडकीकडे केलं.

आप्पा खाटेवर टेकले. चादर बाजूला करून त्यांनी साईचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळवा चोळायला लागले. आमच्याकडे बापानं मुलाच्या पायाला हात लावायचा नसतो. साईला कळतं तर त्यानं विजेचा झटका बसल्यासारखा पाय ओढून घेतला असता, आप्पा, काय करताय म्हणाला असता. तो खिडकीबाहेर बघत राहिला. आप्पा चोळत होते, मध्ये मध्ये थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि पाय त्यांच्या मांडीवर तसाच पडून होता.