यांच्या आयांनी यांना काय शिकवलं?

पुलावर ट्रक लावून बसलेलं बाईमाणूस जातं तरी कुठे, हा एकच प्रश्न आईच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

खाण्याचं एकवेळ समजू शकत होतं. झोपेचंही. केबिनमध्ये सीटच्या मागे फळी असते, तिच्यावर पाय मुडपून भिंगरी झोपते, हे तिला ठाऊक होतं. पण पुलाजवळचं हॉटेल महामारीत बंद पडलेलं, पेट्रोल पंपाच्या संडासाला कुलूप, आणि खाली नुसती नदी. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कधी तर टूथब्रश तोंडात असताना हा प्रश्न यायचा आणि हलायचा नाही. विचारणार तरी कुणाला? विचारायचं तर आधी सांगायला हवं, की पुलावर आपली मुलगी आहे. आणि तेच तर तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बिल्डिंगला एवढंच माहीत होतं, की बाईंची मुलगी लॉजिस्टिक्समध्ये आहे.

यात खोटं काही नव्हतं. पण लॉजिस्टिक्स म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेचं ऑफिस येतं, गळ्यातलं ओळखपत्र येतं, एसीने झालेली सर्दी येते. जिना चढावा तशी ट्रकच्या केबिनमध्ये चढणारी मुलगी येत नाही. आई जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. कुठला शब्द पुढे केला की मागचं काय काय झाकतं, हे तिला बरोबर कळायचं.

भिंगरीला हे नाव लहानपणीच पडलं होतं. बूड टेकणं म्हणून तिला माहीत नव्हतं. धडा वाचायची तोही उभ्याने, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मालाची नोंदणी करायला लागली, तेव्हा आईने सुस्कारा टाकला, चला, खुर्ची तरी मिळाली. वर्षही झालं नसेल, भिंगरीने घरी येऊन अवजड वाहनाचं लायसन्स जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आई कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही. बाबांनी मात्र चष्मा पुसून ते लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाले, "बसून पगार मिळणार आणि तरी ही जागेवर नसणार. हिला याहून बरी नोकरी कुठे मिळायची?"

पहिल्यांदा ट्रक दाखवायला आणला तो तिने लांब मालधक्क्यापाशी उभा केला. बाबा केबिनमध्ये चढून बसले, हॉर्नही वाजवून पाहिला. आई खालीच. "माझे गुडघे दुखतात," म्हणाली. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

भिंगरी कामाला चोख होती. गोदामाच्या अरुंद दारात ती उलटा ट्रक एका दमात लावायची. सुरुवातीला हमाल चहाचे कप घेऊन बघायला उभे राहत, आता धडकेल, मग धडकेल म्हणून. पुढे यायचे बंद झाले. "मजाच गेली त्यांची," ती फोनवर हसून सांगायची. मुक्कामाला पोचली की रोज फोन यायचा, दोनच शब्दांचा. "आई, पोचले."

मग महामारी आली. सगळं जग दार लावून बसलं, तेव्हा ट्रकवाले देवासारखे वाटायला लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फाटकावर फलक लावला, "ट्रकचालकांनो, तुमचे आभार." त्या दिवशी आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. आज आभार मानतील, उद्या म्हणतील हिच्याच मुलीने आजार आणला.

आणि वर्ष फिरलं तसे आभारही फिरले. सीमा ओलांडायची तर लस घ्या, नाहीतर केबिनमध्ये कोंडून घ्या, असा नियम निघाला. भिंगरीने लस पहिल्याच रांगेत घेतली होती. तिला गाडी शिकवणारे उस्ताद मात्र सुईला घाबरले आणि घरी बसले. गोदामांनी आणखी एक केलं, माल उतरवून घ्यायचे पण ड्रायव्हरला आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, हात धुवायलासुद्धा नाही. "आमचा माल चालतो, आई, आम्ही चालत नाही," असं ती एकदा म्हणाली होती. आई म्हणाली, "नियम सगळ्यांनाच असतात." त्यानंतर रोजचा फोन बाबांच्या मोबाइलवर यायला लागला. आणि या सगळ्याच्या निषेधात पुलावर ट्रक आडवे लागले तेव्हा भिंगरीचाही त्यांत होता.

दिवसरात्र हॉर्न. टीव्हीवर, रेडिओवर, जिन्यात एकच वाद. कुणी म्हणे स्वातंत्र्य, कुणी म्हणे माज. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे सख्खे भाऊ त्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. पण खरा घोर तळमजल्यावर होता. तिथल्या टेलरमास्तरांचं पुलापलीकडच्या दवाखान्यात डायलिसिस असायचं. त्यांची गाडी पुलाच्या तोंडाशी अडकली आणि मास्तर सुजलेल्या पायांनी, बायकोच्या खांद्याला धरून, चालत परत आले. आईने ते गॅलरीतून पाहिलं. तिचा राग काही उसना नव्हता.

पार्किंगमध्ये सभा भरली. नगरपालिकेचे अधिकारी आले, रेडिओवाली माइक घेऊन आली. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्हीच बोला. आम्ही तोंड उघडलं की शिव्याच बाहेर पडतात." लोक हसले. आई उठली. तिला फक्त मास्तरांच्या पायांबद्दल बोलायचं होतं. तेवढंच बोलून बसली असती तर मान वर ठेवता आली असती. पण समोरची गर्दी मन लावून ऐकत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला वर्ग मिळाला होता. जीभ सैल सुटली.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "यांच्या आयांनी यांना काय शिकवलं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खाली बसली तेव्हा मास्तरांच्या बायकोने तिचा हात धरला. "बाई, तुमच्या मुलीचं बरं आहे हो. ऑफिसात सुरक्षित बसून काम."

"हो ना," आई म्हणाली.

ते वाक्य मग गावभर झालं. रेडिओ दर तासाला वाजवू लागला. भाजीवाला सुटे पैसे देताना म्हणाला, "बाई, काय हाणलीत!" आई हसली आणि सुटे न मोजताच निघाली.

बाबा हल्ली थर्मास घेऊन फिरायला जात. फिरायला थर्मास कशाला लागतो, हे एका सकाळी ते परत आल्यावर तिने विचारलंच.

"अहो, पुलावर जाता ना?"

"मग काय घरात बसून तुझं भाषण ऐकू?"

"तिथे ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं? लाउडस्पीकरवर लावतात. एक जण चष्मा नाकावर घेऊन तुझी नक्कल करतो. बरी करतो हो, 'आयांनी'वर जरा कमी जोर देतो, एवढंच."

"आणि ती?"

"सगळ्यांबरोबर हसते."

"तिने सांगितलं नाही, ही माझी आई म्हणून?"

"नाही." बाबा थर्मास विसळू लागले. "मी विचारलं. म्हणाली, आई सांगत नाही ना मी कोण ते, मग मी कशाला सांगू? उगाच तिची पंचाईत."

हे ऐकण्यापेक्षा शिवी ऐकलेली परवडली असती.

"मास्तरांचं सांगितलंत तिला?"

"सांगितलं. रडली. ट्रक मात्र हलवला नाही. मी भांडलो तिच्याशी."

आईने वाहता नळ बंद केला. मग हळूच विचारलं, "अहो, ती जाते कुठे? म्हणजे... तिची सोय?"

"पलीकडच्या इस्त्रीवाल्याकडे. त्याची बायको रोज येऊन यांना फैलावर घेते. माझ्या नातवाला झोप नाही, मेल्यांनो, हॉर्न बंद करा, म्हणते. आणि जाताना हिला म्हणते, पोरी, पाणी तापलंय, चल."

आईच्या घराचं न्हाणीघर पुलापासून हाकेच्या अंतरावर होतं.

दुपारी रेडिओवालीचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "बाई, उद्या थेट चर्चा ठेवलीय. एका बाजूला तुम्ही आणि समोर त्यांच्यातली एक ड्रायव्हर. एकच बाई आहे हो पुलावर! आई विरुद्ध ड्रायव्हर, काय रंगेल बघा."

"त्या... त्या हो म्हणाल्या?"

"केव्हाच. तुम्ही येणार म्हटल्यावर जरा थांबल्या. मग म्हणाल्या, बाईंना चालत असेल तर मला चालेल."

बाईंना. पोटची पोर आपल्याला बाई म्हणाली, आणि तेही आपल्याला अडचणीतून सोडवायला. आता उद्या माइकसमोर बसून दोघींनी अहोजाहो करायचं. ती ते करेलही, न चुकता करेल, याचीच आईला भीती वाटली. उद्या हे असंच रेटून नेलं, तर त्यानंतर कुठल्या तोंडाने तिला पुन्हा भिंगरी म्हणायचं?

"संध्याकाळी कळवते," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "ताप आला म्हणून सांगू? हल्ली ताप म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

सोपं होतं. एक शब्द पुढे करायचा, मागचं सगळं आपोआप झाकलं जातं. हेच तर इतकी वर्षं चाललं होतं.

"नको," आई म्हणाली. "रेडिओवालीला संध्याकाळी सांगू. आधी तिला विचारायला हवं. मी रेडिओवर सांगितलं तर तिला चालेल का ते. आता तिचीही माणसं आहेत तिथे, माझ्यामुळे तिचीच पंचाईत व्हायची."

"आणि मास्तरांचे पाय?"

"त्यावर मी भांडणारच. पण तिची आई म्हणून."

तिने मोबाइल उचलला. मुलीचा नंबर शोधायला तिला बरंच खाली जावं लागलं. पुलावर हॉर्नचा कल्लोळ चालू होता. तिकडे काही ऐकू जायचं तर इथून ओरडूनच बोलावं लागणार होतं, आणि खाली फाटकाशी सेक्रेटरी मास्तरांच्या बायकोशी बोलत उभे होते. बाबा गॅलरीचं दार लावायला निघाले.

"राहू द्या उघडं," आई म्हणाली, आणि तिने नंबर लावला.