खरखर आणि चांगुणामावशी

“काल रेडिओ बंद होता का, मावशी?”

“बंद कशाला आसंल? त्याची लाईट चालू हुती की.”

“मग हर्षल विमानातून, लांबून हाका मारून दमला, त्याचं काय?”

“डोक्यावर आला तवा दिला की मी जबाब.”

“डोक्यावर आल्यावर कळून काय उपयोग? खरखर दाबायचा तो स्क्वेल्चचा नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवलात. लांबचा आवाज येणार कसा?”

“लई खरखरतं ते, म्याडम. त्या खरखरीत शेळ्यांच्या घंटा आयकू येत न्हाईत.”

सुप्याच्या पुढे माळावर छोट्या विमानांची एक खाजगी धावपट्टी आहे. तिचा कारभार बघणारी धनश्री पत्र्याच्या ऑफिसात कपाळाला हात लावून बसली होती आणि समोर चांगुणामावशी उभ्या होत्या, कमरेला रेडिओ खोचून. मावशी शेजारच्या वस्तीवरच्या. त्यांना कामावर घेतलं ते शेळ्या हाकायला, कारण तिथल्याच पुंजारामच्या शेळ्यांना अख्खा माळ सोडून पट्टीच्या कडेचंच गवत गोड लागतं. वरून वैमानिकानं विचारलं की ‘पट्टी मोकळी हाय’ एवढं रेडिओवर सांगायचं, हे काम मागाहून चिकटलं. आणि मावशी त्याच कामाला चिकटल्या. घरी नवरा आहे, दोन सुना आहेत, पण मावशींचं ऐकायला कोणाला वेळ नाही. इथं मात्र त्या ‘थांबा’ म्हणाल्या की विमान आभाळात घिरट्या घालतं. नवऱ्याला त्या हे जेवताना ऐकवतात. तो भाकरी चावत राहतो.

“रविवारी पुण्याहून पाहुणे येतायत, त्यांच्या विमानानं,” धनश्री म्हणाली. “रेडिओ समर्थकडं देते. तुम्ही नुसत्या शेळ्या बघा.”

ऑफिसातली बिलं बघणारा समर्थ एकदम कॉम्प्युटरमध्ये शिरला.

मावशींचा हात कमरेच्या रेडिओवर गेला. “समर्थला शेळी कोनती आन् बोकड कोनता ते कळत न्हाई. त्यो काय सांगनार पट्टी मोकळी हाय का?”

“त्याला नॉब तरी कळतो. द्या इकडे.” धनश्रीनं रेडिओ घेतला, बटणं दाबली आणि थबकली. “मावशी, मेमरीत मी पाच चॅनल भरून दिले होते. एक आपला, बाकीचे आसपासच्या विमानतळांचे. पाचही ठिकाणी आपलाच कसा झाला?”

“मीच केलं. हर्षलदादाला भरताना बघितलं, तसं केलं. चालताना कमरंला बटन दाबलं जायचं आन् भलतंच कोनीतरी विंग्रजी बोलाया लागायचं. आता कुठलंबी दाबलं तरी आपन आपल्याच घरी.”

धनश्रीनं हसू लपवायला खिडकीकडं तोंड फिरवलं. समर्थला ते जमलं नाही.

“हे कुलपाचं चित्र दिसतंय? हे बटण दाबून धरलं की चॅनल हलत नाही.”

“आधी सांगाया काय झालं हुतं?”

“सांगत होते. तुम्ही मधेच शेळ्यांमागं पळालात.”

“मंग काय शेळ्यांनी मिटिंग संपायची वाट बघायची व्हय?”

धनश्रीनं चॅनल पुन्हा भरले, मग नॉब पार सैल सोडला. ऑफिसभर खरखर पसरली. “आता तुम्ही आवळा. हळू. खरखर थांबली की हात काढायचा.”

मावशींनी दोन बोटांनी नॉब फिरवला. खरखर थांबली. बोटं मात्र फिरतच राहिली.

“हात काढा, मावशी.”

“आजून थोडा. घट्ट बसू दे.”

“नळ आहे का तो, गळायला? पुढं फिरवलात की लांबचे बारीक आवाज गेलेच.”

मावशींनी बोटं उचलली. “थांबली खरखर? मंग मी रोज एवढा पिळत का हुते?”

“तेच मी सकाळपासून विचारतेय.”

त्यांनी नॉब मागं सोडला, पुन्हा आवळला, खरखर थांबल्याबरोबर हात काढला. दोघींचं लक्ष रेडिओवर होतं, तेवढ्यात तो तुटक, बारीक आवाजात बोलला, “चांगुणामावशी, हर्षल बोलतोय. नेवाशाकडून येतोय, अजून लांब आहे. पट्टी कशी आहे?”

धनश्रीचा हात पुढं आला, पण रेडिओ तोवर मावशींच्या तोंडापाशी होता. “थांबा. बघून सांगते.”

“मावशी, रविवारचं अजून ठरलेलं नाही. तो नॉब परत पिळणार नाही, असं कबूल करा. तरच रेडिओ तुमच्याकडं. बोला.”

मावशींनी नॉबला हात न लावता कुलपाचं बटण दाबून धरलं, रेडिओ कमरेला खोचला, पदर सारखा केला आणि त्या उन्हात पट्टीकडं चालू लागल्या.