हरवलेल्या वस्तूंच्या खेळाबद्दल सासूबाईंचं मत

संगणकावरच्या खेळाबद्दल कुणाचं मत घ्यायचं असेल, तर ते आमच्या सासूबाईंचं घ्यावं. त्यांनी आयुष्यात एकच खेळ खेळला, पण तो असा खेळल्या की खेळ करणाऱ्यांनी पनवेलला येऊन त्यांच्या पाया पडावं. माझे तोवर बरेच खेळ खेळून झाले होते. गाड्या पळवायचे, बंदुका झाडायचे, रंगीत गोळे जुळवायचे. सगळ्यांचा मला आठवड्याभरात वीट यायचा. हा एकच असा निघाला की ज्याच्याबद्दल मी आजही ऐकून घेत नाही.

खेळ साधा होता. एक बाई आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत एका जुन्या परदेशी बंगल्यात येते. बंगल्यात चिटपाखरू नाही, पण प्रत्येक खोलीत सामान ठासून भरलेलं. खाली नावं येतात: कात्री, मेणबत्ती, हातमोजा, बेडूक. त्या पसाऱ्यातून एकेक वस्तू हुडकायची आणि तिच्यावर माउसनं टिचकी मारायची. सगळ्या सापडल्या की एखादी किल्ली हाती लागते, किल्लीनं कपाट उघडतं, कपाटात घड्याळाचं चाक असतं, ते बसवलं की पुढची खोली. अगदीच अडलं तर कोपऱ्यात एक बटण होतं. ते दाबलं की लपलेल्या वस्तूभोवती चांदण्या चमकायच्या. घाई नाही, कुणी मारायला येत नाही, आणि चित्रं इतकी मन लावून काढलेली की पडद्याच्या झालरीवरचं सूत दिसावं.

आम्ही तेव्हा नव्या पनवेलात राहत होतो. नवरा उरणकडे कंटेनरच्या यार्डात नोकरीला. त्याच्या ऑफिसात नवे संगणक आले तेव्हा जुना एक आमच्या घरी आला, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून मी या खेळाची सीडी आणली. नवरा म्हणायचा, "स्वतःच्या घरात किल्ल्या सापडत नाहीत, आणि ही परक्यांच्या घरात शोधत बसते." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण मी शोधत राहिले.

सासूबाई कोळ्यांच्या. खाडीकाठी जन्मल्या, आणि जन्मभर पनवेलच्या बाजारात मासळी विकली. एका सकाळी टोपली उचलताना त्या कोसळल्या. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. हात-पाय महिन्याभरात वळायला लागले, वाचा तर त्याआधीच परतली आणि पहिली शिवी नर्सला बसली. पण एक गोष्ट परतली नाही. त्यांच्या जगाची डावी बाजू गेली होती. ताटातला उजवीकडचा भात संपवून "एवढासाच वाढला?" असं विचारायच्या, आणि डावीकडचा भात तसाच ताटात असायचा. केसांना उजवीकडेच तेल लागायचं. डावीकडून हाक मारली की उजवीकडे बघून "कोन?" म्हणायच्या. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. डावी बाजू असते, हेच मेंदू विसरलाय. तुम्ही आठवण करून देत राहा. त्यांना डावीकडे शोधायला लावा."

सासूबाईंना डाव्या-उजव्याची पर्वा नव्हती. त्यांना बाजारातल्या जागेची काळजी होती. ओळीतल्या बायकांनी ती राखून ठेवली होती. त्यांचा मासळी मांडायचा पाट त्या जागेवर पालथा घातला होता. पालथा पाट म्हणजे मालकीण यायची आहे, इथे कुणी बसायचं नाही, असा त्यांचा रिवाज. भेटायला येणाऱ्या प्रत्येक कोळणीला सासूबाई पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "पाट हाय ना?" ती म्हणायची, "हाय." पण पालथ्या पाटावर जागा किती दिवस टिकणार, हे दोघींनाही ठाऊक असायचं.

नवरा त्यांना परत बाजारात पाठवायला तयार नव्हता, आणि त्याचं कारण रास्त होतं. सासूबाईंनी घरी एकदा हट्टानं बोय मासा कापायला घेतला होता. कोयता पायाखाली दाबून धरायचा, दोन्ही हातांनी मासा पात्यावर ओढायचा. डावा अंगठा मध्ये आला तो त्यांना दिसलाच नाही. रक्त कुणाचं, म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्यानं त्याच दिवशी कोयता माळ्यावर टाकला आणि सांगितलं, "डावीकडचं सगळं दिसायला लागू दे. मग खुशाल जा."

"म्हंजे मी आता घरात बसून माश्या मारू?" सासूबाई म्हणाल्या.

मी आधी ताटात शेंगदाणे आणि चिंचोके पसरून शोधायला लावत असे. त्या दोन मिनिटांत कंटाळायच्या आणि शेंगदाणे खाऊन टाकायच्या. मग एका दुपारी मी खेळत असताना त्या शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ बंगल्याच्या दिवाणखान्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या घरात बाय नाय काय गो?"

"का हो, आई?"

"कात्री पेटीत नाय, चमचा छताला, चप्पल फुलदानीत. बाय असती तं असा पसारा झाला असता?"

हे त्यांचं खेळाबद्दलचं पहिलं मत, आणि त्याचा प्रतिवाद मी अजून कुणाकडून ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून माउस त्यांच्या हातात गेला. धरायच्या मात्र खेकडा धरल्यासारखा, मागून, जपून. इंग्रजी नावं मी मराठीत सांगायची, त्या शोधायच्या. उजव्या अर्ध्यात त्या माझ्या दुप्पट वेगानं वस्तू टिपायच्या. डाव्या अर्ध्यातलं एकही सापडायचं नाही. "नाय इथं. खोटं लिवलाय," असं त्या ठामपणे सांगायच्या. मी "डावीकडे बघा" म्हणायची. त्या म्हणायच्या, "बघतेय ना." आणि खरंच त्यांना वाटायचं की बघतायत. मला रडू यायचं, पण त्यांच्यासमोर मी कधी रडले नाही.

वाट सापडली ती भवानीमुळे. बाजारात दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तो पैसा कपाळाला लावल्याशिवाय पुढचा व्यवहार होत नाही. सासूबाईंनी हा नियम खेळालाही लावला. खोलीतली पहिली वस्तू स्वतःच्या नजरेनं सापडली पाहिजे, तोवर चांदण्यांच्या बटणाला हात लावायचा नाही. आणि सापडली की माउस उचलून कपाळाला लावायचा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा पदरात तोंड घालून हसले. उजव्या हातानं माउस फरपटत कपाळाकडे नेला की पडद्यावरचा बाण भिरकावला जायचा आणि थेट डाव्या कडेला जाऊन बसायचा. माउस खाली ठेवून त्या बघतात तर बाण गायब.

"बान कुटं गेला?"

मी सांगणार होते, पण काय वाटलं कुणास ठाऊक, गप्प बसले. त्यांनी माउस हलवला. कडेला काहीतरी वळवळलं. बाण हलत होता, आणि हलणाऱ्या गोष्टीमागे जाण्याची त्यांच्या डोळ्यांना जन्माची सवय. मान हळूहळू डावीकडे वळत गेली. बाण सापडला, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर टांगलेला हातमोजाही सापडला. आजारपणानंतर डावीकडचं त्यांनी आपणहून शोधलेलं ते पहिलंच. सासूबाई त्या हातमोज्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "इकडं पन घर हाय की."

तेव्हा मात्र मी रडले, आणि त्यांनी मला बावळट ठरवलं.

पुढे त्यांनी स्वतःच पद्धत बसवली. खोली उघडली की आधी बाण पार डाव्या कडेपर्यंत न्यायचा, मान त्याच्याबरोबर न्यायची, आणि तिथून शोधत उजवीकडे यायचं. एवढ्यानं ताटातला भात लगेच संपायला लागला असं नाही. पण काही आठवड्यांनी जेवताना त्यांचं बोट ताटाच्या डाव्या काठावर जाऊन टेकलेलं मी बघितलं, आणि बोटामागून नजर गेली. खेळ करणाऱ्यांनी हे मनात धरलं नसणार, पण प्रत्येक वस्तू इतक्या प्रामाणिकपणे लपवली होती की शोधणाऱ्याला कुठलाच कोपरा सोडून चालत नव्हतं. मला या खेळाचं कौतुक वाटतं ते यासाठी. दोष काढायचाच तर मधली ती पाण्याचे नळ जोडायची कोडी अगदी रटाळ होती, ती मी एकटीनं सोडवायची. सासूबाईंचा आक्षेप फक्त स्वयंपाकघरातल्या माशावर होता. डोळे आत गेलेत, शिळा आहे, असं त्यांचं म्हणणं.

इंटरनेटवर त्या खेळाच्या पानावर देशोदेशीच्या लोकांनी आपापली मतं लिहिली होती. भांडी आवरली की मी ती मराठीत करून सासूबाईंना वाचून दाखवायची, आणि त्या प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर द्यायच्या. एकानं लिहिलं होतं, खेळ फार लहान, मी एका बैठकीत संपवला. "याच्या चुलीवर कोन शिजवतो?" एकाची तक्रार होती की वस्तू फार अंधारात लपवल्यात. "मंग लपवायची वस्तू काय दिव्याखाली ठेवतात?" एकजण म्हणत होता, मधली बहिणीची गोष्ट काढून टाका, नुसतं शोधू द्या. याच्यावर त्या खऱ्याच चिडल्या. "बहीन हरवलीय, आनी याला गोष्ट नको. बहीन नसती तं ती बाय त्या घरात कशाला गेली असती?"

आणि एका म्हाताऱ्या बाईनं लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून मी संध्याकाळी हा खेळ लावते, घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. हे सासूबाईंनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "हिला एकदा जेवायला बोलव."

मी त्यांना सांगितलं की ती फार लांब राहते. त्यांचा विश्वास बसला नाही, इतकी ती बाई त्यांना जवळची वाटली होती.

दरम्यान बाजारातून निरोप आला. सासूबाईंच्या जागेवर दुसऱ्या एकीला आपल्या सुनेला बसवायचं होतं, आणि तिचं ऐकणाऱ्या बायका वाढत होत्या. सासूबाईंनी रविवारी माझ्या नवऱ्याला संगणकासमोर बसवलं आणि सांगितलं, "बघ मंग. डावीकडचा दिसतो का नाय, तूच बघ."

त्या दिवशी उघडली ती खोली नव्हतीच, होड्यांचं एक गोदाम होतं. जाळी, वल्ही, दोरखंड, कंदील, पिंपं. आम्ही कुणीच ते आधी बघितलेलं नव्हतं. सासूबाईंनी बाण डाव्या कडेला नेला, मान नेली, आणि नांगरापासून सुरुवात केली. भवानी झाली, माउस कपाळाला लागला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. मग बाहुली, घंटा, शिंपला, हातोडी. जाळ्याच्या भोकातून डोकावणारी सुईसुद्धा त्यांनी डाव्या कोपऱ्यातून काढली. एकच वस्तू उरली, चमचा.

चमचा सापडेना. त्यांनी डावी बाजू पुन्हा विंचरली, पुन्हा विंचरली. नवऱ्याचा चेहरा उतरत चालला. त्याच्या मनात अंगठ्याचं रक्त होतं हे मला कळत होतं. मलाही चमचा दिसत नव्हता. चांदण्यांच्या बटणाकडे सासूबाई बघेनात. शेवटी नवऱ्यालाच राहवलं नाही. त्यानं माउस घेतला आणि बटण दाबलं.

चांदण्या पार उजव्या कडेला चमकल्या. वल्ह्याला चिकटून चमचा उभा होता.

मग नवरा हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई, उजवीकडे आहे गं."

"उजवीकडं आता कोन बघतो?" सासूबाई रागानं म्हणाल्या.

त्यानं स्टूल ओढला, माळ्यावर चढला, आणि कोयता खाली काढून आईच्या पुढ्यात ठेवला.

बाजारात जायच्या सकाळी त्यानं मला मात्र बजावून सांगितलं, तू तिच्या डाव्या हाताला उभी राहा आणि अजिबात हलू नकोस. मी तशी उभी राहिले. बायकांनी पाट उलथून सुलटा केला, त्यावर पाणी मारलं. सासूबाई पदर खोचून बसल्या, कोळंबीचे वाटे लावले, बोंबील मांडले. कोयता पायाखाली घेतला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी आधी मान वळवून डावा हात बघितला, मगच मासा पात्याला लावला. एक कापला, दुसरा कापला. मी जागची हलले नाही. सांगितलेलं काम मी चोख करत होते आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता.

तिसरा मासा हातात घेऊन सासूबाई थांबल्या. मान पूर्ण डावीकडे वळली, आणि माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे त्यांची नजर गेली.

"तू घरी जा गो," त्या म्हणाल्या. "तुज्याआड माजा गिऱ्हाईक उभा हाय."

मी मागे वळून बघितलं. खरंच एक बाई पिशवी घेऊन उभी होती, आणि मी बाजूला होण्याची वाट बघत होती.