बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी मुलगी पाहायला

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही, आणि चहा उगाच गार होईल.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. घराघरांत मोबाईल यायचे होते अजून. मी वर्ध्याला एका बँकेत कारकून होतो आणि बोरगाव मेघेला आईजवळ राहत होतो. आष्टीचं एक स्थळ सांगून आलं. मुलीचे मामा वर्ध्यातच राहायचे आणि ते पडले सुधारक विचारांचे. त्यांनी निरोप पाठवला की पोहे, चहाचा ट्रे, खाली घातलेली मान, हे सगळं मागाहून. आधी पोरापोरीनं मोकळ्या हवेत भेटावं.

मोकळी हवा म्हणजे कुठं? तर तेव्हा गावाबाहेर एक लहानसं झू होतं. थोडी हरणं, मोर, एक अस्वल आणि एक बिबट. ठरलं की रविवारी सकाळी बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी भेटायचं. मुलगी पाहायला बिबट्यासमोर गेलेला माणूस तुम्ही दुसरा ऐकलाय का कुठं?

मी तयारीला लागलो. नवा सफारी शिवून घेतला. कापड दुकानात बदामी दिसलं होतं, उन्हात आल्यावर ते चक्क खाकी निघालं. ताई म्हणाली, मिशी काढ, शिकलेला दिसशील. काढली. मुलीकडे गेलेल्या फोटोत मला मिशी होती, हे ना ताईच्या लक्षात आलं ना माझ्या.

उत्साहाच्या भरात मी फारच लवकर पोचलो. हरणांच्या कुंपणापाशी तिथला एक कामगार चाऱ्याची बादली घेऊन उभा होता. मोटर बंद करून येतो, तोवर जरा बादली धरा, म्हणाला आणि गेला. झालं! अंगात खाकी, हातात बादली. तुम्ही तरी मला काय समजला असता?

तेवढ्यात एक जाडसर गृहस्थ, त्यांची बायको आणि मागं चष्मा लावलेली एक मुलगी असे आले. माझ्याजवळच्या फोटोतल्या मुलीला चष्मा नव्हता, म्हणून मला काही शंका आली नाही. गृहस्थांनी विचारलं, "साहेब, बिबट कुठं हाये?"

आता मी सरळ म्हणायला हवं होतं की मी इथला नाही. पण त्यांनी मला साहेब म्हटलं होतं हो! बँकेत मला शिपाईसुद्धा साहेब म्हणत नव्हता. मी म्हटलं, या माझ्यामागं. आणि बादली घेऊन पुढं चालू लागलो.

बिबट आमच्याकडे पाठ करून झोपलेला. बाईंनी विचारलं, हा असा पडून काऊन हाये? मी सांगितलं की रविवारी त्याचा उपास असतो. बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी बिबट्याला हात जोडले.

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "हा नर हाये का मादी?"

"नर," मी ठोकून दिलं.

"पाटीवर तं मादी लिहून हाये."

"ती जुनीची पाटी हाये."

"मंग जुनी कुठं गेली?"

"माहेरी," मी म्हणालो.

गृहस्थ पोट धरून हसले. ते हसले आणि माझा तोलच गेला. हा बिबट कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागेत मी स्वतः, एकट्यानं, पोतं टाकून धरला, असंही सांगून टाकलं. गृहस्थांचा आ वासलेला. मुलगी मात्र माझ्या चकचकीत पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत होती.

मग गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "आमच्या भाचीले पाहाले एक पोरगा येऊन राह्यला. बँकेत हाये म्हणे. अजून पत्ता नाई त्याचा."

बादली हातातून सुटायचीच बाकी राहिली. शहाण्या माणसानं तिथंच सांगितलं असतं, तो मीच. मी काय केलं? गेटवर पाहून येतो म्हटलं आणि सटकलो. अस्वलाच्या पिंजऱ्यामागं बादली ठेवली, भांग उलट्या बाजूला पाडला, खिशातला काळा गॉगल चढवला आणि गेटाकडून लांब लांब ढांगा टाकत परत आलो. नमस्कार केला. बस उशिरा आली म्हटलं.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. आत एक माणूस कामाला आहे, तो अगदी तुमच्यासारखाच दिसतो, म्हणाले. मी म्हटलं, तो माझा चुलतभाऊ. मामींनी कपड्यांचं विचारलं. मी म्हटलं, दिवाळीला एकाच ताग्यातून घेतलं. बघा, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार! परीक्षेत कधी असं सुचलं नाही.

मामा खूश झाले. त्यालाही बोलवा, फार हुशार माणूस आहे, म्हणू लागले. तो कामात आहे, असं मी सांगतोय, तेवढ्यात खराखुरा कामगार धापा टाकत आला.

"भाऊ, माही बादली कुठं ठेवली तुमी? हरणं उपाशी हायेत."

मामा माझ्याकडे बघतात, मग त्या कामगाराकडे, पुन्हा माझ्याकडे. शेवटी ती मुलगीच बोलली, एकदम शांतपणे.

"अस्वलाच्या मागं हाये. यायनं ठेवली तवा मी पाह्यली."

मी गॉगल काढला. मग सगळं खरं सांगितलं. बँकेतला पोरगा मीच, आणि बिबट सोडा, मला घरच्या मांजरीचीही धास्ती वाटते. मामा मामींना घेऊन तडक गेटाकडे निघाले. मुलगी जाताना एकदा वळून बघून गेली, पण ते माझ्याकडे की अस्वलाकडे, काही कळलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, स्थळ गेलं. आई दोन दिवस ताईशी बोलली नाही, मिशीवरून.

आणि एका संध्याकाळी मामा पेढे घेऊन दारात! माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, पोरीनं हो म्हटलं आहे, आम्ही पुष्कळ समजावलं.

लग्नानंतर मी एकदा भीत भीत विचारलंच, की एवढं सगळं पाहून तू हो कशी म्हणालीस?

ती म्हणाली, "पह्यले दोन पोरं पाहून गेलते. तेही खोटंच बोलले, पण कवा बोलले ते समजलंच नाई. तुमी खोटं बोलाले तोंड उघडलं का कान लाल होतेत. अशा माणसासंग संसार सोपा जाते."

इतकी वर्षं झाली. सोपाच जातोय. तिला.