मास्तरला विचारायचं होतं

टीव्हीतला माणूस माझ्या नवऱ्याची दारू सोडवील असं मला वाटलं होतं. हसा. मीही हसते. तेव्हा चाळिशीला टेकलेली बाई, दोन लेकरांची आई, धानाच्या बांधीत निघालेला साप काठीनं बाजूला सारणारी. आणि अक्कल एवढी, की मालिकेतला मास्तर खराच पीत होता आणि त्यानं खरीच सोडली, असं धरून नवऱ्याला धुतलेला सदरा घातला आणि गोंदियाला घेऊन गेली. तिथं भर मांडवात माईकवाल्यानं माझ्या हातातली पुडी ओढून वर धरली आणि विचारलं, "क्या लाई हो अम्मा? चखना?"

मांडव हसला.

पुडीत चारोळी होती. जंगलातून वेचलेली, जात्यावर फोडलेली, सुपानं पाखडलेली. मास्तरसाठी.

आधीचं सांगते. आमचं गाव सालेकशाकडं, जंगलाला लागून. टीव्ही एकच, किराणावाल्या बाईच्या ओसरीत. दिवेलागणीला बाया जमायच्या. मालिका एका मास्तरची होती. गोरा, शिकलेला, पोरांवर जीव लावणारा, आणि संध्याकाळ झाली की प्यायचा. त्याची बायको भिंतीला पाठ लावून बसायची. आम्हीही तशाच बसलेलो, समोर. पहिले काही दिवस कोणी काही बोललं नाही. मग एकदा त्यानं जेवणाचं ताट अंगणात भिरकावलं. ओसरीत कोणी हळूच म्हणालं, "आमच्या घरी भाताचा गंज फेकते, भरलेलं भांडं."

दुसरी म्हणाली, "आमच्या घरी मले."

कोणी हसलं नाही. एकमेकींच्या घरचं आम्हाला ठाऊकच होतं. कुडाच्या भिंती, काय लपते? पण तोंडानं कोणी कबूल केलं नव्हतं. त्या मालिकेनं आमच्या तोंडाचं बूच काढलं. पुढं पुरुषही यायला लागले. आत बसायचे नाहीत. दारात उभे, बिडी ओढत, जसे कोणाला बोलवायला आलेत. सुमीचा बाप, म्हणजे माझा नवरा, त्यातलाच एक. आमगावच्या राइस मिलमध्ये हमाल. पाठीवर पोतं, पोटात मोहाची.

ज्या दिवशी मास्तरनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाटली विहिरीत टाकली, त्या दिवशी सगळी ओसरी रडली. घरी जाताना सुमीचा बाप म्हणाला, "सुटला वो तो." चार पावलं गेल्यावर पुन्हा बोलला. "कसा सुटला असन?"

त्यानं असं काही विचारलेलं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

त्याच सुमारास आमगावच्या बाजारात भोंगा लावलेली रिक्षा फिरली. गोंदियाला टीव्ही-भांड्यांचं मोठं दुकान उघडणार, आणि फीत कापायला खुद्द मास्तर येणार. ती शहाणी, म्हणजे मी, लगेच बोलली, "चला ना, त्यालेच विचारू." मला वाटलं, हा मला येड्यात काढेल. त्यानं काढलं नाही. म्हणाला, "मास्तरपुढं पिऊन नाही जाव." आणि त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही.

ज्यांच्या घरी हे झालं नाही त्यांना सांगते. रोज पिणारा एकदम थांबला की त्याचं अंग त्याचं राहत नाही. घाम सुटतो. पाण्याचा गिलास दातावर वाजतो. जायच्या दिवशी लोट्यात निखारे घालून मी त्याचा सदरा इस्त्री केला. तो म्हणाला, "बटन तूच लाव. बोटं आयकत नाही." मी लावली. गळ्यापर्यंत.

गोंदियात मांडव, लाल सतरंजी, कर्णे. फीत कापून झाली. माईकवाल्यानं विचारलं, "किसी को मास्तरजी से कुछ पूछना है?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर. त्यानं आम्हा दोघांना मंचावर ओढलं, चखन्याचं ते बोलला, पुडी टेबलावर टाकली. मी मास्तरच्या पाया पडले. माझ्याहून लहान पोरगा होता तो, काळा चष्मा लावलेला. नवऱ्याकडं हात करून मी विचारलं, "मास्तर, तुमी कशी सोडली? यायले सांगा."

आता मांडव हसला तो पहिल्यासारखा नाही. खालून वरपर्यंत.

पोरगा गोंधळला. म्हणाला, "ताई, मी कधी घेतलीच नाही हो. ते काम आहे माझं." वाईट नव्हता तो. पण दुकानाचा शेठ बाजूला खुर्चीत पोट धरून हसत होता. त्यानं माईकवाल्याला जवळ बोलावून कानात काही सांगितलं.

"तो भाइयो और बहनो, अब मुकाबला. नकली और असली. देखें कौन अच्छा चलता है."

पोरगा आधी नाही म्हणाला. मग शेठनं हात हलवला आणि तो चालला. सुरेख चालला. एक पाय इकडं, एक तिकडं, हातात नसलेली बाटली. टाळ्या.

"अब भैया की बारी."

सुमीच्या बापानं चपला काढल्या. सतरंजी होती ना. चपला हातात घेतल्या आणि तो चालायला लागला. तो नाटक करत नव्हता. तो सरळ चालायला पाहत होता. मास्तरला दाखवायला, की बघा, मी आज सरळ हाये. पण गुडघे थरथरत होते. हात थरथरत होते, हातातल्या चपला थरथरत होत्या. माईकच्या वायरीत पाय अडकला, तो खांबाला धरून उभा राहिला, पुन्हा निघाला. शिट्ट्या वाजल्या.

"देखो भाई, असली माल असली होता है."

आणि मी? मी हसले. सगळे हसत होते, मग मीही. मोठी माणसं हसतात तेव्हा गरिबाचं तोंड आपोआप उघडतं, आणि मला तर तेव्हा वाटलं, आपला मान होऊन राहिला. इनाम म्हणून कुकर दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. वाकून.

स्टेशनवर बाकावर बसलो. मांडीवर कुकर. दोन कॉलेजची पोरं आली, मांडवातच होती. एक म्हणाला, "अरे, ये तो वही है. ए भैया, चलके दिखा ना."

सुमीचा बाप उठला. त्यानं चपला काढल्या.

तो चालणार होता. त्याला वाटलं, आता हे करावंच लागते. कोणी म्हटलं की उठायचं, चपला काढायच्या आणि चालायचं. मी त्याचा सदरा मागून धरला आणि खाली ओढलं. एक बटन तुटलं. पोरांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ती पळाली. मग त्याला म्हटलं, "हालू नोको इथून." आणि कुकर उचलून परत दुकानात गेले.

मांडव सोडणं चाललं होतं. शेठ गल्ल्यावर. म्हणाला, "क्या हुआ बाई, ढक्कन नहीं बैठता?"

मी कुकर त्याच्यासमोर ठेवला. "माहा माणूस आज पेला नाही. हे माईकवर सांगा."

"किसको बताऊं? पब्लिक तो गई. मजाक था, बुरा मत मान." मग नोकराला म्हणाला, "चाय पिला इसको."

शेठ पितो ती पार्टी. हमाल पितो तो तमाशा. हे मला त्या गल्ल्यासमोर कळलं, कोण्या सभेत नाही. चहा घेतला नाही. मांडवात गेले, माईक अजून उभा होता, वायर गुंडाळून ठेवलेली. बंद माईकसमोर उभी राहिले आणि बोलले, "माहा माणूस पेला नोहता. तो आजारी हाये. तुमी आजाऱ्याले नाचवलं." सतरंजी गुंडाळणारे दोघं थांबून पाहत होते. टेबलाखाली चारोळीची पुडी होती, कोणाचा तरी पाय पडलेली. ती उचलली आणि निघाले.

पुढं मास्तर मालिकेत सुखी झाला. मालिका संपली. आमच्या घरी तसा भाग आला नाही. सुमीचा बाप त्याच आठवड्यात पुन्हा प्यायला लागला. नंतर कितीदा तरी सोडली त्यानं, पण मला सांगायचा नाही. गिलास दातावर वाजला की मला कळायचं. मी विचारायची नाही, तो सांगायचा नाही. असाच तो गेला.

आमच्या घरात आजही कुकर नाही. सून कुरकुरते, "आई, सारं गाव कुकरात भात लावते, आपल्याच घरी गंज काऊन?" मी म्हणते, मले मऊ भात आवडत नाही. शेजारी कुकर वाजला की मला तो मांडव ऐकू येतो, आणि त्या शिट्ट्यांत एका बाईचं हसू. दात दिसत असलेलं. माझंच.

यंदा नवरात्रात शारदेच्या मांडवात पोरांनी दारुड्याच्या चालीची स्पर्धा ठेवली. आधी पोरं चालली. मग गावातल्या खऱ्या पिणाऱ्याला वर ओढलं. तो चपला काढायला लागला. मी काठी टेकत वर चढले आणि मधोमध फतकल मारून बसले. चालायला जागाच नाही ठेवली. नातू म्हणाला, "आजी, उठ ना, लोक हासून राहिले." म्हटलं, हासू दे, आता मी बसली हाये. माईक मागितला. या वेळी तो चालू होता. म्हटलं, हा माणूस आजारी हाये, याले घरी जाऊ द्या, आणि ज्याले हासायचं हाये त्यानं आपल्या बापाले चालवून दाखवावं. पोरांनी माईक काढून घेतला. मी उठले नाही. पुढच्या वर्षी ठेवतील, तर पुढच्या वर्षी बसेन. गुडघे गेले आहेत, बसणं मला जमतं.

कारण त्या दिवशीची परतीची गाडी अजून चालूच आहे माझ्यात. आमगाव गेलं, डबा रिकामा झाला. सुमीचा बाप खिडकीबाहेर पाहत होता. तुटलेल्या बटनाच्या जागी त्याची बोटं होती. तो माझ्याकडं न पाहता म्हणाला:

"मी पेलो नोहतो. तुले तं मालूम होतं. मंग तू काऊन हासली?"