पणजी बोलली ते सभागृह

मंदीत नवऱ्याचा दुबईतला प्रोजेक्ट बंद पडला. त्याला अल ऐन शहरात नोकरी मिळाली, म्हणून दुबईच्या करामा भागातला फ्लॅट सोडून आम्ही तिकडे राहायला गेलो. शेजारी एक कृष्णवर्णीय अमेरिकन बाई राहायची, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायची. तिकडे शुक्रवारी सुट्टी. तिच्या जेवणाच्या टेबलावर मैत्रिणींचे लॅपटॉप उघडलेले असायचे. इंटरनेटवरच्या एका खुल्या ज्ञानकोशात त्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काळ्या बायकांविषयी लिहायच्या. तिथे कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. पहिल्यांदा मी नुसते पोहे घेऊन गेले. नंतर मीही मराठीत लिहायला बसले.

गुलामीतून सुटलेल्या काही बायका जहाजाने अटलांटिक ओलांडून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये भाषणं द्यायच्या, हे मला तिथेच कळलं. ती ऐकून तिकडच्या बायका विणकाम-भरतकाम करायच्या आणि पेट्या भरून अमेरिकेला पाठवायच्या. ते विकून चळवळ चालायची. एकमेकींना कधीच न भेटलेल्या बायका! लिहिता लिहिता माझे हात थांबायचे.

शेजारणीची म्हातारी आई अमेरिकेहून व्हिडिओ कॉलवर यायची. एकदा त्या म्हणाल्या, "माझी पणजीसुद्धा गेली होती स्कॉटलंडला. घसा पार बसला होता, तरी बोलली. लोक जिन्यात उभे राहून ऐकत होते."

"मग तिच्यावर लिहू या ना!" मी म्हणाले.

"छापील पुरावा लागतो," शेजारीण म्हणाली. "घरात ऐकलेलं चालत नाही. मी खूप शोधलं, काही मिळालं नाही. खलास."

मला राहवेना. तिची परवानगी घेऊन मी ज्ञानकोशाच्या इंग्रजी चर्चापानावर पणजीचं नाव लिहिलं आणि कुणाला काही माहीत आहे का, असं विचारलं. माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, नोबडी विल आन्सर."

बरेच दिवस झाले तसंच. मग स्कॉटलंडमधल्या एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. तो आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळत बसला होता. त्याने एका छोट्या बातमीचा फोटो जोडला होता. पणजीचं नाव, सभागृहाचं नाव, आणि पुढे लिहिलं होतं की बाईंचा आवाज बसलेला असूनही गर्दी जिन्यापर्यंत होती.

मी लॅपटॉप तसाच उचलून शेजारी धावले. तिने वाचलं आणि "जिना..." एवढंच पुटपुटली. मग आईला फोन लावला.

तिने आईला बातमी वाचून दाखवली. "परत वाच," आई म्हणाल्या. तिने परत वाचलं.

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी लेख लिहिला, तिने इंग्रजीत, मी मराठीत. पुढच्या कॉलवर आई मला म्हणाल्या, "तुझ्या भाषेतला वाचून दाखव."

मी वाचत गेले. त्यांना त्यातलं फक्त पणजीचं नाव कळत होतं. ते आलं की त्या डोळे मिटून मान हलवायच्या.

"तुमच्याकडची माणसं वाचतील हे?" त्यांनी विचारलं.

"वाचतील," मी म्हणाले. आणि लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.